इंटरप्ट येतच नाही किंवा थांबतच नाही: क्यूएमूच्या डिव्हाइस मॉडेलमधली अडकलेली लाइन

क्यूएमू हा सॉफ्टवेअरने पूर्ण मशीन उभं करणारा एम्युलेटर. त्यासाठी डिव्हाइस मॉडेल, म्हणजे हार्डवेअरची सॉफ्टवेअर-नक्कल, लिहून झालं, रजिस्टरं वाचली-लिहिली जातात, लिनक्सचा ड्रायव्हर प्रोबही होतो, आणि मग गाडी इंटरप्टपाशी अडते. अडण्याचे प्रकार दोन. पहिल्यात ड्रायव्हर वाट बघत बसतो आणि टाइमआउट देतो; गेस्टमधल्या (क्यूएमूच्या आत चालणाऱ्या सिस्टममधल्या) ‘प्रॉक’खालच्या ‘इंटरप्ट्स’ फाइलीत आकडा शून्यावर राहतो, किंवा एकदा १ होतो आणि पुढे हलत नाही. दुसऱ्यात बूट होता होता सगळं मंदावतं, होस्टचा एक कोर १०० टक्क्यांवर जातो आणि थोड्या वेळाने कर्नल लॉगमध्ये ‘आयआरक्यू ११: नोबडी केअर्ड’ व पाठोपाठ ‘डिसेबलिंग आयआरक्यू #११’ असं येतं.

लक्षणं उलटी दिसली तरी बहुतेक वेळा मूळ एकच असतं: लाइनची, म्हणजे इंटरप्टच्या तारेची, पातळी आणि रजिस्टरांतली स्थिती यांची फारकत झालेली असते. (फंक्शनांची आणि पर्यायांची नावं खाली देवनागरीत आहेत, कोडात ती अर्थातच रोमन. रजिस्टरांचे पत्ते हेक्समध्ये आहेत.)

‘नोबडी केअर्ड’ या संदेशामागचा हिशोब माहीत असला की पुढचा बराच गोंधळ टळतो. एखाद्या आयआरक्यूवर (क्रमांक दिलेल्या इंटरप्ट लाइनवर) १,००,००० इंटरप्ट मोजून झाले की कर्नल बघतो, त्यांतल्या कितींना सगळ्या हँडलरांनी (इंटरप्ट हाताळणाऱ्या ड्रायव्हरच्या फंक्शनांनी) ‘माझा नाही’ म्हटलं. तो आकडा ९९,९०० च्या वर असेल तर ती लाइन बंद केली जाते. संदेशाखाली ‘हँडलर्स’ म्हणून जी यादी छापली जाते, तिला गुन्हेगारांची यादी समजू नका. सामायिक लाइनवर तिथे बऱ्याचदा शेजाऱ्याचं नाव असतं. तुमच्या कार्डाने लाइन वर धरून ठेवली आणि आयआरक्यू ११ नेटवर्क कार्डाबरोबर वाटून घेतलेला असेल, तर मरतं नेटवर्क आणि लोक दोन दिवस नेटवर्कचा ड्रायव्हर तपासत बसतात.

हा प्रकार मुद्दाम घडवून बघता येतो. क्यूएमूसोबत ‘एज्यू’ नावाचं शिकाऊ पीसीआय कार्ड येतं, व्हेंडर १२३४, डिव्हाइस ११ई८. ते जोडा, ड्रायव्हर लावू नका, सिसएफएसमधल्या ‘इनेबल’ फाइलीत १ लिहा, ‘रिसोर्स०’ मॅप करा आणि पत्ता ६० वर ३२ बिटांचा १ लिहा. पोचपावतीचं रजिस्टर (इंटरप्ट हाताळल्याचं ड्रायव्हर इथे कळवतो) ६४ वर आहे, पण तिथे लिहिणारा कुणीच नाही, म्हणून लाइन वरच राहते. त्याच लाइनवर दुसऱ्या डिव्हाइसचा हँडलर असेल तर वादळ, म्हणजे तोच इंटरप्ट पुन्हा पुन्हा येणं, लगेच सुरू होतं. कुणाचाच हँडलर नसेल तर लाइन मास्क (कंट्रोलरपाशीच बंद) असते आणि काहीच होत नाही. हा फरकही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आधी शोधा, इंटरप्ट कुठवर पोचला

अंदाजाने कोड बदलण्याआधी चार ठिकाणं तपासा: मॉडेल, लाइन, इंटरप्ट कंट्रोलर, ड्रायव्हर.

मॉडेलसाठी स्वतःचा एक ट्रेस इव्हेंट लिहा. डिव्हाइस ज्या फोल्डरात आहे तिथल्या ‘ट्रेस-इव्हेंट्स’ फाइलीत एक ओळ पुरते: स्टेटस रजिस्टर, इनेबल रजिस्टर आणि लाइनची पातळी, तिन्ही एकत्र छापणारी. ‘लॉग’ हा ट्रेसचा मूळचा बॅकएंड असल्याने वेगळं काही बसवावं लागत नाही. तो सुरूवातीपासून हवा असेल तर आदेशात ‘-ट्रेस’ द्या, मध्येच हवा असेल तर मॉनिटरमध्ये ‘ट्रेस-इव्हेंट … ऑन’. कोडभर प्रिंटएफ पेरण्यापेक्षा ही एक ओळ कितीतरी जास्त सांगते, आणि पुढे पॅच पाठवताना ती काढावीही लागत नाही.

गेस्ट नक्की काय लिहितो हे बघायला ‘मेमरी_रीजन_ऑप्स_रीड’ आणि ‘…_राइट’ हे तयार ट्रेस आहेत. पत्ता, मूल्य, आकार आणि रीजनचं नाव सगळं मिळतं, पण पूर्ण मशीनचं मिळतं, म्हणून फाइलीत घेऊन आपल्या रीजनच्या नावाने गाळा. सोबत ‘-डी गेस्ट_एरर्स,अनइम्प’ कायम चालू ठेवा. चुकीच्या आकाराचा अ‍ॅक्सेस नाकारला गेला तर त्याची नोंद फक्त या लॉगमध्येच होते; नव्या क्यूएमूत त्यासाठी यादीत ‘इन्व्हॅलिड_मेम’ही लागतं.

एक्स८६ मशीनवर कंट्रोलरची बाजू मॉनिटरच्या ‘इन्फो पिक’ने दिसते: आयओएपिकमधली (एक्स८६च्या इंटरप्ट कंट्रोलरमधली) नोंद मास्क आहे का, लेव्हल (पातळी बघणारी) आहे की एज (फक्त पातळीतला बदल बघणारी), ‘रिमोट आयआरआर’ (इंटरप्ट पूर्ण होण्याची वाट बघणारा बिट) अडकलाय का. लाइनच्या हालचालीसाठी ‘आयओएपिक_सेट_आयआरक्यू’ हा ट्रेस वापरा. मात्र केव्हीएमसोबत (होस्ट कर्नलमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) कंट्रोलर कर्नलमध्ये असतो आणि क्यूएमूचे हे ट्रेस गप्प बसतात. अशा वेळी टीसीजीवर (क्यूएमूच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर एम्युलेशनवर) चालवा किंवा मशीनच्या पर्यायांत ‘कर्नल-आयआरक्यूचिप=ऑफ’ द्या.

इथे एक सापळा आहे. मॉनिटरच्या ‘एक्सपी’ने रजिस्टर वाचलं तर मॉडेलचं रीड फंक्शन खरोखर चालतं. स्टेटस रजिस्टर ‘वाचलं की साफ’ प्रकारचं असेल तर तुमच्या बघण्यानेच पुरावा पुसला जातो. अशा डिव्हाइसवर ट्रेसच बरा.

लाइन ही स्थिती आहे

सगळ्यात जास्त वेळा सापडणारी चूक अशी: घटना घडली तिथे ‘क्यूएमू_सेट_आयआरक्यू’ला १, आणि पोचपावती आली तिथे ०. वाचायला सरळ वाटतं, पण मधले रस्ते राहून जातात. घटना घडली तेव्हा इंटरप्ट बंद होता आणि ड्रायव्हरने नंतर इनेबल केला, तर? खऱ्या हार्डवेअरवर लाइन त्या क्षणी वर जाते, कारण तिथे एक अँड गेट बसलेलं असतं. तुमच्या मॉडेलमध्ये ती वर जात नाही आणि ड्रायव्हर वाट बघत राहतो. उलट बाजूला, दोन घटना बाकी असताना एकीची पोचपावती आली आणि लाइन खाली टाकली, तर दुसरी घटना हरवली. आणि इंटरप्ट वर असताना ड्रायव्हरने इनेबल बिट काढला, पण लाइन कुणी खाली आणलीच नाही, तर ते वादळ.

उपाय एकच, आणि तो टाळण्यात काही शहाणपण नाही. लाइन हलवणारं फंक्शन पूर्ण फाइलीत एकच ठेवा, समजा ‘अपडेट_आयआरक्यू’. त्यात स्टेटस आणि इनेबल यांचं बिटवाइज अँड करा, उत्तर शून्य आहे की नाही ते बघा आणि तीच पातळी लाइनवर ठेवा. मग स्टेटस किंवा इनेबल जिथे जिथे बदलतं तिथे तिथे, काही विचार न करता, हे फंक्शन बोलवा: घटना, इनेबलवरचं लेखन, पोचपावती, सॉफ्ट रीसेट बिट, फिफो रिकामा होणं. पातळी तीच असताना पुन्हा ठेवल्याने काही बिघडत नाही. पीएल०११ या यूआर्टच्या (सिरियल पोर्टच्या) मॉडेलमध्ये नेमकं हेच आहे. त्याला सहा आउटपुट लाइन आहेत, आणि अपडेट फंक्शन प्रत्येकीची पातळी दोन रजिस्टरांच्या अँडमधून काढतं.

पातळी देताना ती ० किंवा १ च द्या. अँडचं उत्तर ४ आलं आणि तेच तसं पुढे ढकललं, तर पीसीआयमध्ये असर्ट लागून क्यूएमू बंद पडतो. हे बरंच. सिसबसवर (बोर्डावर थेट बसणाऱ्या डिव्हाइसांच्या क्यूएमूतल्या बसवर) मात्र ४ हा आकडा मुकाट्याने पुढच्या डिव्हाइसपर्यंत जातो, आणि ते त्याचं काय करेल याचा भरवसा नाही. ‘शून्य नाही’ ही तुलना स्पष्ट लिहा.

‘क्यूएमू_आयआरक्यू_पल्स’चा मोह बऱ्याच जणांना होतो. ते लाइन वर नेऊन लगेच खाली आणतं. आर्मच्या जीआयसी या इंटरप्ट कंट्रोलरवर ती लाइन लेव्हल म्हणून ठरवलेली असेल तर वर-खालीचा निव्वळ परिणाम शून्य, इंटरप्ट गेला. डेटाशीटमध्ये खरोखर पल्स लिहिलेला असेल आणि डिव्हाइस ट्रीमध्ये (गेस्टला दिलेल्या हार्डवेअरच्या वर्णनात) इंटरप्टच्या नोंदीतला तिसरा आकडा १ (चढती एज) असेल, तरच पल्स वापरा. तिथे ४ असेल तर तो लेव्हल-हाय आहे.

ड्रायव्हरला दिसतं ते आणि लाइनला दिसतं ते

लाइन वर आहे, हँडलर चालतो, पण ‘माझा नाही’ म्हणून परततो. म्हणजे हँडलरने स्टेटस वाचलं तेव्हा त्याला शून्य दिसलं. याचं नेहमीचं कारण कच्चं आणि मास्क केलेलं स्टेटस यांची अदलाबदल. पीएल०११ मध्ये ही दोन वेगळी रजिस्टरं आहेत, ३सी वर कच्चं आणि ४० वर मास्क केलेलं. बऱ्याच डिव्हाइसांत एकच असतं आणि ते नक्की कोणतं हे डेटाशीटच्या एका ओळीत दडलेलं असतं. लाइन कच्च्यावरून चालवली आणि ड्रायव्हरला मास्क केलेलं दिलं, तर नको असलेल्या बिटाने वादळ उठतं.

पोचपावतीचं लेखनही नीट बघा. ‘१ लिहिला की साफ’ असेल तर लिहिलेल्या मूल्याचा उलटा घेऊन अँड करायचा. सवयीने ‘स्टेटस = मूल्य’ लिहिलं, तर ड्रायव्हर जो बिट साफ करायला गेला तोच पुन्हा चढतो.

अ‍ॅक्सेसचा आकार हा या भागातला सगळ्यात चोरटा मुद्दा. मेमरी रीजनच्या ऑप्समध्ये दोन जोड्या असतात. ‘व्हॅलिड’ सांगते गेस्टने काय केलेलं चालेल, ‘इम्पल’ सांगते तुमचं फंक्शन काय हाताळतं. ‘व्हॅलिड’ रिकामी सोडली तर सगळे आकार चालतात. ‘इम्पल’ रिकामी सोडली तर १ ते ४ बाइट धरले जातात, म्हणून गेस्टचं ८ बाइटांचं लेखन तुमच्याकडे ४-४ चे दोन तुकडे होऊन येतं, दुसरा तुकडा पुढच्या रजिस्टरवर. पुढचं रजिस्टर इनेबल असेल तर त्यात शून्य पडून इंटरप्ट बंद.

उलट बाजूला ‘इम्पल’ची किमान मर्यादा ४ ठेवली आणि गेस्टने एकच बाइट लिहिला, तर फंक्शनला आकार ४ मिळतो आणि वरचे २४ बिट शून्य. क्यूएमू आधी जुनं मूल्य वाचून त्यात बाइट बसवत नाही. पोचपावतीच्या रजिस्टरवर हे खपून जातं, इनेबलवर वरचे बिट पुसले जातात. शिवाय पत्ता २५ सारखा विषम आला तर स्विचमधल्या कुठल्याच केसला लागत नाही आणि ड्रायव्हरला तुमच्या डीफॉल्टचं उत्तर मिळतं.

डेटाशीट ‘फक्त ३२ बिट’ म्हणत असेल तर ‘व्हॅलिड’ची किमान आणि कमाल दोन्ही ४ करा. चुकीचा अ‍ॅक्सेस मग फेटाळला जाईल आणि लॉगमध्ये कारणासह दिसेल. ड्रायव्हर खऱ्या हार्डवेअरवर चालणारा असेल आणि तरी तक्रार दिसली, तर चूक डेटाशीटच्या वाचनात आहे.

तार जोडलीच नाही

‘क्यूएमू_सेट_आयआरक्यू’ला रिकामी लाइन दिली तर ते काही न बोलता परत येतं. त्यामुळे बोर्डाच्या कोडात ‘सिसबस_कनेक्ट_आयआरक्यू’ विसरलं तर कुठेही चूक दिसत नाही. तुमच्या ट्रेसमध्ये पातळी १ दिसते आणि पलीकडे शुकशुकाट.

उलट ‘सिसबस_इनिट_आयआरक्यू’ जर रिअलाइझमध्ये (डिव्हाइस कामाला लावण्याच्या टप्प्यात) असेल आणि बोर्ड रिअलाइझच्या आधी लाइन जोडत असेल, तर क्यूएमू ‘सिसबस-आयआरक्यू[०] प्रॉपर्टी सापडली नाही’ अशा अर्थाचा संदेश देऊन बंद पडतो. लाइन इन्स्टन्स-इनिटमध्ये (त्याआधीच्या, ऑब्जेक्ट तयार होण्याच्या टप्प्यात) तयार करा, क्रमाची कटकट संपते.

आर्मच्या ‘व्हर्ट’ मशीनवर क्रमांकांचा घोळ ठरलेला. तिथल्या यूआर्टचा एसपीआय (सगळ्या कोअरांत सामायिक इंटरप्ट) क्रमांक १ आहे आणि जीआयसीच्या भाषेत तोच इंटरप्ट ३३, कारण पहिले ३२ कोअरच्या खासगी वापराचे. क्यूएमूमध्ये जीआयसीच्या जीपीआयओ इनपुटची मोजणी एसपीआयपासून सुरू होते, म्हणजे तिथे १ द्यायचा. ३३ दिला तर लाइन इंटरप्ट ६५ ला जाऊन मिळते. डिव्हाइस ट्रीमध्येही ‘० १ ४’ असंच हवं.

पीसीआयमध्ये कॉन्फिगरेशनचा ३डी हा बाइट, म्हणजे इंटरप्ट पिन, १ करायचा राहिला तर पहिल्याच ‘पीसीआय_सेट_आयआरक्यू’ला असर्ट बसतो. निदान लगेच कळतं. न कळणारा भाग कमांड रजिस्टरचा बिट १० आहे: तो चढलेला असेल तर आयएनटीएक्स (पीसीआयची इंटरप्ट लाइन) बंद असतो. एलएसपीसीआयच्या सविस्तर आउटपुटमध्ये ‘डिसआयएनटीएक्स’पुढे अधिक चिन्ह दिसतं. स्टेटस ओळीत ‘आयएनटीएक्स’पुढे अधिक चिन्ह असेल तर कार्ड लाइन वर धरून बसलंय, हेही तिथेच समजतं.

एमएसआय

एमएसआयमध्ये (मेसेज सिग्नल्ड इंटरप्ट) लाइन नसते. एका ठरलेल्या पत्त्यावर मेमरी-लेखन जातं. यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली: ते लेखन बस-मास्टरच्या मेमरी स्पेसमधून जातं. ड्रायव्हरने ‘पीसीआय_सेट_मास्टर’ केलं नसेल तर कमांड रजिस्टरचा बिट २ शून्य राहतो आणि संदेश वाटेतच गळतो. मॉडेल निर्दोष, ड्रायव्हर जवळजवळ निर्दोष, इंटरप्ट शून्य. आयएनटीएक्सवर चालतं आणि एमएसआयवर नाही असं दिसलं की हा बिट सगळ्यात आधी बघा.

दुसरी: वरचं ‘अपडेट_आयआरक्यू’ इथे जसंच्या तसं चालत नाही. दर वेळी ‘एमएसआय_नोटिफाय’ केलं तर फुकटचे इंटरप्ट जातात. पातळी ० वरून १ वर गेली तेव्हाच केलं तर एक फट राहते. ड्रायव्हरने स्टेटस वाचलं, त्यात क्रमांक ० चा बिट चढलेला होता; त्याची पोचपावती देईपर्यंत क्रमांक १ चा बिट चढला. आता स्टेटस शून्यावर कधी आलंच नाही, म्हणून नवी चढण नाही, म्हणून संदेश नाही. हँडलर एकदाच वाचणारा असेल तर सगळं थांबतं. म्हणून पोचपावतीनंतरही इनेबल असलेला बिट उरला असेल तर पुन्हा संदेश पाठवा. आपल्या डिव्हाइसचं डेटाशीट याबद्दल वेगळं काही सांगत असेल तर अर्थात तेच पाळा. एज्यू कार्ड साधा मार्ग घेतं: प्रत्येक नव्या घटनेला एक संदेश.

हजारात एकदा

एमएमआयओची (रजिस्टर वाचण्या-लिहिण्याची) फंक्शनं क्यूएमूचं मोठं कुलूप, म्हणजे बीक्यूएल, घेतलेल्या अवस्थेत चालतात, त्यामुळे तिथे वेगळी काळजी नाही. स्वतःचा थ्रेड काढला की काळजी सुरू. एज्यू फॅक्टोरिअल वेगळ्या थ्रेडमध्ये मोजतं, पण इंटरप्ट उठवण्याआधी ‘बीक्यूएल_लॉक’ घेतं. क्यूएमू ९.० च्या आधीच्या कोडात याच कुलपाचं नाव ‘क्यूएमू_म्यूटेक्स_लॉक_आयओथ्रेड’ होतं, जुने लेख वाचताना अडखळू नका. थ्रेडमधून थेट लाइन हलवली तर टीसीजीवर कदाचित चालून जाईल आणि केव्हीएमवर बरेच व्हीसीपीयू दिले की मोडेल. ‘अपडेट_आयआरक्यू’च्या पहिल्याच ओळीत ‘बीक्यूएल_लॉक्ड’चा असर्ट टाका, चोर जागेवर सापडतो.

टायमरची चूक इतकी साधी आहे की नजरेतून सुटते. ‘टायमर_मॉड’ला किती वेळाने हे नाही, तर कधी हे द्यायचं असतं: व्हर्च्युअल घड्याळाची आत्ताची वेळ अधिक अंतर. नुसतं १०,००,००० नॅनोसेकंद, म्हणजे १ मिलिसेकंद, दिलं तर ती वेळ कधीच उलटून गेलेली असते. टायमर लगेच वाजतो, पुन्हा लावला की पुन्हा वाजतो.

जीडीबीने बघायचं असेल तर आधी सिगयूएसआर१ ला ‘नोस्टॉप नोप्रिंट’ करा, नाहीतर दर क्षणाला थांबत राहाल.

पहिल्या बूटला ठीक, रीबूटनंतर वादळ

रीसेटमध्ये पीसीआयचा गाभा आयएनटीएक्स लाइन स्वतः खाली आणतो, पण तुमची रजिस्टरं साफ करणं तुमच्याकडेच. सिसबसवर दोन्ही तुमच्याकडे. तीन टप्प्यांच्या रीसेटमध्ये ‘एंटर’मध्ये फक्त स्वतःची स्थिती बदलायची, लाइन हलवायची ती ‘होल्ड’मध्ये, कारण ‘एंटर’च्या वेळी पलीकडचा कंट्रोलर रीसेट झालाय की नाही हे ठरलेलं नसतं. टायमर आणि बाकी राहिलेले बॉटम-हाफही (नंतर चालवायला ठेवलेली कामं) रद्द करा, नाहीतर जुन्या बूटचा इंटरप्ट नव्या कर्नलच्या गळ्यात पडतो. मॉनिटरमधून ‘सिस्टम_रीसेट’ पाच-सहा वेळा, तेही काम चालू असताना, मारून बघा.

‘सेव्हव्हीएम’–‘लोडव्हीएम’ (मशीनची स्थिती साठवून परत आणणं) नंतर अडत असेल तर व्हीएमस्टेटमध्ये (साठवायच्या फील्डांच्या यादीत) इनेबल किंवा स्टेटस राहिलंय का बघा. कंट्रोलर आपली स्थिती स्वतः साठवतो, म्हणून पोस्ट-लोडमध्ये लाइन पुन्हा उठवू नका. कोण आधी लोड होईल याचा नेम नाही.

पुन्हा उगवू नये म्हणून

क्यूटेस्टमध्ये (क्यूएमूच्या डिव्हाइस-चाचणीच्या चौकटीत) गेस्ट सीपीयू चालतच नाही, त्यामुळे ड्रायव्हर बाजूला ठेवून लाइन तपासता येते. ‘इंटरसेप्ट_आउट’ला डिव्हाइसचा क्यूओएम मार्ग (क्यूएमूच्या ऑब्जेक्ट-वृक्षातला पत्ता) द्या, ‘गेट_आयआरक्यू’ने पातळी वाचा, टायमर असेल तर ‘क्लॉक_स्टेप’ने वेळ पुढे ढकला. आरटीसीची (घड्याळाच्या चिपची) चाचणी नमुना म्हणून उघडा. ती आयओएपिकच्या इनपुट बाजूला कान लावून आयआरक्यू ८ बघते.

चाचणीचा क्रम असा ठेवा. इनेबल ० ठेवून घटना घडवा, लाइन ० हवी. मग इनेबल १ करा, लाइन १ हवी. बहुतेक मॉडेलं इथेच आपटतात. दुसरी घटना घडवा, पहिलीची पोचपावती द्या, लाइन १ च हवी. दुसरीची द्या, आता ०. पुन्हा घटना, इनेबल काढा, ०. परत द्या, १. याच अवस्थेत, लाइन वर असताना, रीसेट करा आणि ० मिळतो का बघा.